स्टार मॅग्नोलियाच्या कळ्या काळ्या पडतात, फुलं येत नाहीत: काय तपासावं आणि कुठल्या क्रमाने

शिकागोच्या उपनगरांत एप्रिल लागला की ओळखीपाळखीच्या घरांमधून मला मॅग्नोलियाचे फोटो यायला लागतात. झाडं वेगवेगळी, तक्रारी त्याच. तुमचं झाड यांपैकी कुठे बसतं ते आधी बघा.

लक्षणं

- कळ्या फुगल्या, पांढरी टोकं दिसू लागली आणि एका रात्रीत सगळं तपकिरी, लिबलिबीत झालं.
- कळ्या फुगल्याच नाहीत. काडीवरच वाळून राहिल्या, बोट लावलं की गळतात.
- झाड हिरवंगार, पानं भरगच्च, पण फुलं चार-दोन किंवा अजिबात नाहीत.
- उन्हाळ्यात पानं पिवळी पडतात, पण शिरा हिरव्याच राहतात.
- पानं आणि झाडाखालची फरशी चिकट होते, वर काजळीसारखा थर बसतो, मुंग्या आणि गांधीलमाश्या घोंगावतात.
- भर जुलैत एखादी फांदी दोन-चार दिवसांत कोमेजून लटकते.

पहिल्या तीन तक्रारी सगळ्यात जास्त येतात, आणि त्यांत बहुतेकदा रोगही नसतो आणि कीडही नसते. तरीही लोक पहिल्यांदा औषधाची बाटली आणायला धावतात. तसं करू नका. या झाडात बिघाड घडतो एका ऋतूत आणि दिसतो दुसऱ्या ऋतूत. एप्रिलमध्ये फूल आलं नाही, तर आदल्या जून ते ऑगस्टमध्ये झाडाशी काय झालं ते आठवावं लागतं.

हे झाड चालतं कसं

स्टार मॅग्नोलिया मूळचं जपानच्या आइची, गिफू आणि मिए या भागांतलं, पाणथळ जागांच्या कडेला वाढणारं. अमेरिकेत ते १८६२ मध्ये डॉ. जॉर्ज रॉजर्स हॉल यांनी आणलं. दहा ते पंधरा फुटांवर थांबतं, तेही बरीच वर्षं घेऊन, म्हणून टाउनहाउसच्या पुढच्या पट्टीतही मावतं. अमेरिकेतल्या थंडीच्या नकाशावरच्या झोन ४ पर्यंत, म्हणजे उणे ३० फॅरनहाइटच्या आसपासच्या थंडीतही खोड आणि फांद्या टिकतात. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उणे २३ फॅरनहाइट नोंदलं गेलं होतं, ती थंडीसुद्धा या मर्यादेच्या आतलीच. पण हा आकडा झोपलेल्या झाडाचा आहे. उमललेल्या फुलाला तो लागू नाही, आणि नर्सरीतल्या चिठ्ठीवर हे लिहिलेलं नसतं.

आपल्या मंडळींचा घोटाळा आणखी एका ठिकाणी होतो. वनस्पतीशास्त्रज्ञ आता सोनचाफ्यालाही मॅग्नोलियातच धरतात, त्यामुळे घरच्या चाफ्याची सवय इथे लावली जाते. सोनचाफा नव्या फुटीवर, पानांच्या बेचक्यांत फुलत राहतो. शेंडा खुडला की फुटवे येतात आणि फुलं वाढतात. स्टार मॅग्नोलिया वर्षातून एकदाच, पानं यायच्या आधी फुलतं, आणि ती कळी फांदीच्या टोकाला आदल्या उन्हाळ्यातच तयार झालेली असते. चाफ्याला जे मानवतं त्याने इथे पुढच्या वर्षीची फुलं जातात.

आता तपासण्या. पहिल्या काही फुकटच्या आहेत, खर्चाच्या आणि कष्टाच्या शेवटी.

१. एक कळी कापून बघा

फूलकळी आणि पानकळी यांत फरक करता आला पाहिजे. फूलकळी फांदीच्या अगदी टोकाला, बोटाच्या पेराएवढी, करड्या मखमली लवेची. पानकळी बारीक, सडपातळ, काडीला चिकटून बसलेली. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडाजवळ उभं राहून टोकं मोजा. फूलकळ्याच नसतील, तर थंडीला दोष देऊन उपयोग नाही. त्या उन्हाळ्यात तयारच झाल्या नाहीत किंवा कुणीतरी कापल्या. मग थेट तिसऱ्या तपासणीकडे जा.

कळ्या असतील तर एक खुडा आणि धारदार ब्लेडने उभी चिरा. जिवंत कळीत लवेच्या आवरणाखाली पाकळ्यांच्या घट्ट घड्या दिसतात, सायीच्या रंगाच्या, आणि मधोमध हिरवट गाभा. मेलेल्या कळीत आतलं सगळं तपकिरी-काळं असतं, ओलं किंवा भुसभुशीत. वरून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून चिरल्याशिवाय अंदाज बांधू नका. वेगवेगळ्या उंचीवरच्या तीन-चार कळ्या बघा. पूर्ण झाडावर निकाल एकच असेल तर कारण हवामानाचं, एकाच फांदीपुरता असेल तर त्या फांदीचं.

काडी जिवंत आहे का, हे नखाने कळतं. साल किंचित खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर असेल तर फांदी ठीक आहे.

आणि हो, शरद ऋतूत कळीच्या वरचं लवेचं टोपण गळून खाली पडलेलं दिसलं तर घाबरू नका. आत दुसरं आवरण असतं.

२. रात्रीचं तापमान बघा

फोनवर गेल्या काही आठवड्यांची किमान तापमानं बघा. मिटलेली कळी कडाक्याची थंडी सोसते. फुगायला लागली की ती ताकद दिवसागणिक कमी होते, आणि उमललेलं फूल २८ फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे दोन सेल्सिअसच्या आसपास काळवंडतं. मार्चमध्ये ऊन पडलं की कळी फुगते, एप्रिलमध्ये दव गोठलं की मरते. २०१२ च्या मार्चमध्ये शिकागोत पारा बरेच दिवस ८० फॅरनहाइटच्या वर गेला होता. त्यानंतरच्या एप्रिलमधल्या थंडीने शेजारच्या मिशिगनमधला चेरी आणि सफरचंदांचा बहर मारला. तिथे मोठ्या बागायतदारांचं चाललं नाही, तर आपल्या अंगणातल्या झाडाला दोष देण्यात अर्थ नाही.

थंडीने फुलं गेली असतील तर झाडाला काही करायचं नाही. पानकळ्या वेगळ्या असतात, त्या नंतर फुटतात, आणि मे महिन्यात झाड नेहमीसारखं हिरवं होतं. तपकिरी फुलं आपोआप गळतात. या वेळी दया येऊन खत घालू नका आणि फांद्या कापू नका.

पुढच्या वर्षीसाठी एवढं लक्षात ठेवा. कळ्यांची पांढरी टोकं दिसत असताना रात्री पारा ३० फॅरनहाइटच्या खाली जाणार असं हवामानखातं सांगत असेल, तर सूर्य मावळायच्या आधी झाडावर जुन्या चादरी टाका. चादर जमिनीपर्यंत आली पाहिजे, कारण ऊब जमिनीतून येते. नुसती डोक्यावर गुंडाळलेली चादर काही कामाची नाही. प्लॅस्टिक नको, ते जिथे टेकतं तिथली कळी आधी गोठते. सकाळी चादर काढा. चादरीने दोन-चार अंशांचाच फरक पडतो, त्यामुळे २४-२५ चा अंदाज असेल तर सरळ कळ्यांच्या काही फांद्या कापून घरात पाण्यात ठेवा. दोन-तीन दिवसांत त्या फुलदाणीत उमलतात, आणि झाडाची तेवढी छाटणीही होते.

३. कात्री कधी चालली?

हे स्वतःला विचारा, घरातल्या सगळ्यांना विचारा आणि लॉन कापायला येणाऱ्या माणसालाही विचारा. लॉनवाले लोक ऑक्टोबरमध्ये अंगणातलं प्रत्येक झुडूप गोल करून जातात. बॉक्सवुडसारख्या कुंपणाच्या झुडपाला ते चालतं. स्टार मॅग्नोलियाचं टोक कापलं की पुढच्या वर्षीचं फूल त्याच कचऱ्याच्या पिशवीत जातं. फुलं फक्त खाली किंवा मागच्या बाजूला येतात आणि वरून, पुढून झाड बोडकं, असं असेल तर कारण जवळजवळ नेहमी हेच निघतं.

छाटायचंच असेल तर फुलं गळल्यावर दोन-तीन आठवड्यांत. त्यानंतर नवी फूट येते आणि तिच्याच टोकाला कळी बसते. मेलेली, मोडलेली किंवा एकमेकींवर घासणारी फांदी काढा, बाकी झाडाला हात लावू नका. याला छाटणीची गरज फार कमी असते आणि मोठ्या जखमा लवकर भरत नाहीत.

४. लॉनचं खत आणि ऑगस्टमधलं पाणी

पानं भरगच्च आणि फुलं नाहीत, तर लॉनच्या खताची पिशवी तपासा. त्यात नत्र भरपूर असतं. मॅग्नोलियाची मुळं उथळ असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात, म्हणजे तुम्ही गवताला टाकलेलं खत झाडही खातं, आणि सगळा जोर पानांवर जातो. त्यात तण मारणारं औषध मिसळलेलं असेल तर नवी पानं वाटीसारखी वळतात, वेडीवाकडी होतात. झाडाच्या घेराच्या थोडं बाहेरपर्यंत गवत काढून टाका आणि तिथे हे खत पडू देऊ नका.

पाण्याकडे कुणाचं लक्षच नसतं. एप्रिलमध्ये सगळे झाडाकडे बघतात आणि ऑगस्टमध्ये भारतात असतात. कळी बनते तेव्हाच इथे ऊन कडक असतं आणि पाऊस दडी मारतो. जून ते सप्टेंबर, पाऊस नसेल त्या आठवड्यात साधारण इंचभर पाणी द्या, एकदाच आणि सावकाश, होज बारीक सोडून. रोज दोन मिनिटं शिंपडलं तर वरची माती ओली होते आणि मुळं कोरडीच राहतात. सुट्टीवर जाणार असाल तर शेजाऱ्यांना सांगून जा.

५. खोडाचा बुंधा उघडा करा

हाताने मल्च, म्हणजे मातीवर पसरलेला लाकडाच्या सालपटांचा थर, बाजूला सारा. बुंधा जमिनीत शिरतो तिथे तो रुंद होत गेलेला दिसला पाहिजे. खांब रोवल्यासारखा सरळ आत जात असेल, तर झाड खोल लावलंय किंवा वर्षानुवर्षं मल्चचा ढीग चढलाय. साल ओली राहून कुजते, आणि मुळं हवा शोधत वर येतात, खोडाभोवती वेटोळी घालतात. मल्च दोन-तीन इंच जाड पसरा, खोडापासून चार बोटं लांब. इथली माती काढताना फावडं वापरू नका. मॅग्नोलियाची मुळं मांसल, जाड आणि ठिसूळ असतात, तुटली की सहज भरून येत नाहीत. हात, नाहीतर लाकडी काडी.

इथेच आणखी एक गोष्ट बघून घ्या. जुनी झाडं पुष्कळदा कोबुस मॅग्नोलियाच्या खुंटावर कलम केलेली असतात. कलमाच्या सांध्याखालून सरळसोट, जोमदार फुटवे येत असतील आणि त्यांची पानं मोठी, वेगळी असतील, तर ते खुंटाचे आहेत. कोबुस खूप वर्षं फुलत नाही आणि मोठा वृक्ष होतो. असे फुटवे मुळाशी कापा, नाहीतर काही वर्षांत तुमच्या झाडाच्या जागी तेच उभं राहील.

६. खारी आणि ससे

कळ्या खाली पडल्यात आणि त्यांवर दातांच्या खुणा आहेत, किंवा लवेची टोपणं सोलून टाकलीत, तर ते खारींचं काम. हिवाळाअखेर त्यांना दुसरं काही मिळत नाही. लहान झाडाला फेब्रुवारीत जाळी टाकता येते, मोठ्या झाडाला नाही. बर्फाच्या उंचीवर खोडाची साल कुरतडलेली असेल तर ससा. नोव्हेंबरात खोडाभोवती तारेची जाळी लावा, कारण साल पूर्ण गोलाईत गेली तर वरचं झाड वाचत नाही.

७. चिकट पानं: खवले कीड

चिकट पानं आणि काजळी यांमागे इथे बहुतेकदा मॅग्नोलियाची खवले कीड असते. तिची मादी जवळजवळ अर्धा इंच होते, म्हणजे भिंग लागत नाही, तरी लोकांच्या नजरेतून सुटते, कारण ती हलत नाही. फांदीच्या खालच्या बाजूला गुलाबी-तपकिरी फुगवटे, वर पांढरट मेणाची भुकटी, जणू सालीलाच गाठी आल्यात. नखाने ढकला. सालीपासून सुटून आली आणि चिरडल्यावर ओलं लागलं, तर ती कीड आहे. गाठ सालीचाच भाग असेल तर सुटत नाही. कीड रस शोषते आणि गोड चिकट द्रव टाकते. काजळी त्या द्रवावर वाढणारी बुरशी असते. काजळी पुसून काही होत नाही, कीड गेली की ती जाते.

वर्षाला एकच पिढी होते, हे आपल्या पथ्यावर पडतं. जून-जुलैमध्ये, पिल्लं बाहेर पडायच्या आधी, मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन माद्या खरवडून काढा. लहान झाडाला एका सकाळचं काम आहे आणि त्याने सगळ्यात जास्त फरक पडतो. फार भरलेली एखाद-दुसरी फांदी कापून टाका. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये पिल्लं काड्यांवर चालायला लागतात. ठिपक्याएवढी असतात, इथे मात्र भिंग घ्या. तेव्हा किंवा पानं गळल्यावर बागेसाठी मिळणारं फवारणीचं तेल मारता येतं. काड्यांच्या खालच्या बाजू भिजल्या पाहिजेत, आणि लेबलवरचं तापमान आणि प्रमाण तंतोतंत पाळायचं.

मुळाशी ओतायची कीटकनाशकं दुकानात मिळतात. ती मी कुणालाच सुचवत नाही. ती झाडभर पसरतात, परागात आणि त्या चिकट द्रवातही उतरतात, आणि तो द्रव चाटायला मधमाश्या येतात. अगदी लागलीच तर परवानाधारक माणसाकडून, फुलं संपल्यावर.

८. मातीचा सामू (पीएच)

शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, तेही नव्या पानांवर जास्त, म्हणजे लोह मिळत नाहीये. मातीत लोह नसतं असं नाही. शिकागो परिसराची चिकण माती चुनखडीची आहे, सामू अनेक ठिकाणी साडेसातच्या वर जातो, आणि तिथे लोह मुळांना घेता येत नाही. मॅग्नोलियाला पाच ते साडेसहा मानवतो. नव्या घराभोवती तर वरची सुपीक माती खरवडून नेलेली असते आणि सिमेंटचा राडारोडा गाडलेला असतो, तिथे हे हमखास दिसतं.

मातीची तपासणी करून घ्या, थोडे डॉलर लागतात. विद्यापीठाचं एक्स्टेन्शन ऑफिस, म्हणजे शेती-बागेचा सल्ला देणारं केंद्र, प्रयोगशाळा सुचवतं. आकडा हातात आल्याशिवाय काही टाकू नका. व्हिनेगर ओतणं, कॉफीचा चोथा टाकणं यांनी चुनखडीच्या मातीत फरक पडत नाही, आणि व्हिनेगरने मुळं भाजतात. गंधक काम करतं, पण महिनोन्महिने घेतं, आणि मातीत मोकळा चुना असेल तर तो गंधकाला पुरून उरतो. अशा वेळी ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकून न पडणारं लोह, घ्या. जास्त सामूतही ते झाडाला मिळतं. दुसऱ्या प्रकारची चिलेटं स्वस्त असतात, पण या मातीत त्यांचा जोर लवकर संपतो. वर पानांचं कंपोस्ट पसरत राहा.

९. जागाच चुकली असेल तर

वरचं सगळं ठीक आहे आणि तरी जवळजवळ दर एप्रिलला फुलं करपतात, तर झाड कुठे उभं आहे ते बघा. दक्षिणेकडच्या भिंतीला लागून, विटांच्या किंवा ड्राइव्हवेच्या उबेत असेल, तर कळ्या शेजाऱ्यांपेक्षा आठवडाभर आधी फुगतात आणि थंडीत सापडतात. थंडी लागू नये म्हणून लोक नेमकी हीच उबदार जागा निवडतात. याला उशिरा जाग यायला हवी. घराच्या उत्तरेला किंवा वायव्येला, पण दिवसाचे पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा चांगली. अंगणाच्या खोलगट कोपऱ्यात थंड हवा साचते, तिथे नको.

झाड लावून दोन-तीन वर्षंच झाली असतील तर लवकर वसंतात, मुळांचा मोठा गोळा धरून हलवता येतं. खणण्याआधी ८११ ला फोन करा, गॅस आणि विजेच्या लाइनी कुठे आहेत ते येऊन खुणा करून जातात, फुकट. जुनं झाड हलवू नका, ती मुळं दुसऱ्यांदा रुजत नाहीत.

नवीनच लावणार असाल, तर ‘लिटल गर्ल’ संकरांचा विचार करा. वॉशिंग्टनच्या यूएस नॅशनल आर्बोरेटममध्ये १९५० च्या दशकात फ्रान्सिस डी व्होस आणि विल्यम कोसार यांनी लिली मॅग्नोलिया आणि स्टार मॅग्नोलिया यांच्यापासून हे तयार केले, उशिरा फुलून थंडीतून सुटावेत या हेतूने. अ‍ॅन, बेटी, जेन, जूडी, पिंकी, रँडी, रिकी आणि सुसान, असे आठ आहेत. आकार लहान अंगणाला साजेसा आणि फुलं गुलाबी-जांभळी. अ‍ॅन त्यांत लवकर फुलते, जेन उशिरा. आमच्या भागात मी जेनच सांगते. पांढरंशुभ्रच हवं असेल तर ‘रॉयल स्टार’, आणि काही वर्षी चादर टाकायची तयारी.

कुठे थांबायचं

पुढचं काही दिसलं तर स्वतः प्रयोग करू नका, आयएसए या झाडांची निगा राखणाऱ्यांच्या संस्थेने प्रमाणित केलेल्या आर्बोरिस्टला, म्हणजे झाडांच्या तज्ज्ञाला, बोलवा.

भर उन्हाळ्यात एक फांदी, मग तिच्याच बाजूची दुसरी कोमेजते आहे. मेलेली काडी तिरकी कापून बघा. सालीखालच्या लाकडात काळपट-तपकिरी रेघा असतील तर मातीतून येणारा व्हर्टिसिलियम मर रोग असू शकतो. खात्री प्रयोगशाळेतच होते. यावर बुरशीनाशक चालत नाही, आणि तसं विकणाऱ्याचं ऐकू नका. झाड गेलंच तर त्या जागी परत मॅग्नोलिया किंवा मेपल लावू नका, बुरशी मातीत राहते.

खोडाला वेटोळं घातलेलं मूळ बोटापेक्षा जाड आहे आणि खोडात रुतलंय. ते कधी, किती कापायचं हे डोळ्यांनी बघूनच ठरतं. चुकीचं मूळ कापलं तर अर्धं झाड वाळतं.

बुंध्याजवळ साल सुटली आहे, चीर आहे, बुरशीच्या छत्र्या उगवल्यात. खवले कीड शिडी लागेल इतक्या उंचीवर गेली आहे. विजेच्या तारांजवळची कुठलीही फांदी. यांत वाट बघण्यात फायदा नाही.

बोलवण्याआधी फुकटचा सल्लाही मिळतो. शिकागोजवळच्या लाइल गावातल्या मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानाचं प्लँट क्लिनिक फोटोंवरून उत्तरं देतं. फोटो पाठवताना पूर्ण झाड, बुंधा, काडीची खालची बाजू आणि उभी चिरलेली कळी, असे चार पाठवा. सोबत झाड कधी लावलं, घराच्या कुठल्या दिशेला आहे आणि शेवटची कात्री कुठल्या महिन्यात चालली, एवढं लिहा.